लग्नाच्या साडीचा झगा

माझ्या मुलाने मला चारचौघांत "आई" म्हणून हाक मारली आणि मी म्हणाले, "माझा मुलगा इथं नाही." हे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर अजूनही नाही. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही.

मुलगा अकोल्याला शेतकी शिकतो, हॉस्टेलवर राहतो. आम्ही अमरावतीला, राजापेठेत. दसऱ्याच्या सुटीत तो घरी आला तो काखेत जुन्या योगा मॅटची गुंडाळी घेऊन. मला वाटलं, व्यायाम सुरू केला असेल. तर म्हणे, "कापाची आहे." हॅलोविनला अकोल्यात पोरापोरींचा कार्यक्रम होता. जपानी कार्टूनमधल्या, म्हणजे ॲनिमेतल्या, पात्रांचे पोशाख करून जायचं, आपला नंबर आला की स्टेजवर यायचं आणि पोशाख घरीच केलेला पाहिजे, विकतचा चालणार नाही.

"हॅलोविन म्हंजे भुताचाच सण नं?" यांनी विचारलं. "आपल्या घरात तीन पिढ्या भूत मानलं नाही कोणी, अन् तू चालला भुताच्या जत्रेले?"

"भूत नाही बाबा, ॲनिमे."

"तेच ते. जवान पोराले झपाटते."

त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. एक मुलगी होती. समुद्रातल्या दिव्याची राखण करणारी. पायघोळ पांढरा झगा, जमिनीला लागतील अशा बाह्या, खांद्यांवर तांब्याचं कवच आणि कमरेपर्यंत निळे केस. मी आधी चित्राकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्याचे कान लाल झाले होते.

"शिवून देशीन का वं आई?"

"माप?"

त्याने घडाघडा सांगितलं. खांदा ऐकून मी थबकले.

"सतरा इंच?"

"बापा!" हे पेपरातून मान काढून म्हणाले. "पोरगी आहे का पैलवान?"

मुलगा हसला. कुणाचं माप, ते मी विचारलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नाहीत, समजून घेतात. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा सासूबाई पाहुण्या म्हणून धामणगावला आमच्या घरी आल्या होत्या. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि निघताना मापाला म्हणून माझ्या हातातली एक बांगडी घेऊन गेल्या. त्यावरून मी ओळखलं, लग्न ठरलं. तेव्हा मुलगा एका मुलीचं माप घेऊन आईकडे आला, याचा अर्थ मला दुसरा काही सुचलाच नाही.

पांढरं कापड तो बाजारातून आणणार होता. मी म्हटलं, राहू दे. आम्ही बौद्ध, आमच्यात नवरी पांढरं नेसते. माझी लग्नाची साडी मी कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवली होती, सून आली की तिला द्यायची म्हणून. ती काढली आणि जमिनीवर पसरली. मुलगा बघतच राहिला.

"आई, हे कायले? पॉपलिन चाललं असतं."

"तुला काय कळतं कापडातलं," म्हणत मी कात्री चालवली. मी खुशीत होते. कोण असेल, कशी असेल, याचा विचार करत चुण्या घालत होते. पलीकडे तो कवचासाठी मॅटचे तुकडे इस्त्रीने गरम करून गुडघ्यावर दाबायचा, खांद्याचा बाक आला की चपलेला लावतात त्या सोल्युशनने चिकटवायचा. घरभर तो वास. केसांसाठी निळ्या लोकरीच्या लडी जुन्या टोपीला एकेक करून टाचल्या. इतके दिवस सलग मुलगा माझ्याजवळ बसला, असं त्याची शाळा संपल्यापासून झालं नव्हतं.

कच्चे टाके घातल्यावर तो म्हणाला, "माह्या अंगाले लावून पाह्य नं."

मी झगा त्याच्या पाठीला धरला. खांद्याची शिवण खांद्यावर बरोबर बसली. बाहीचा वरचा काठ मनगटावर जिथे यायला हवा तिथेच आला, खालचा घोळ जमिनीवर. मी हसले. म्हटलं, "बाजूला हो, घामाचे डाग पडतील."

तो बाजूला झाला. आज आठवलं की कळतं, तो मला सांगत होता. सांगण्याची त्याची तीच रीत होती, माझ्याकडूनच उचललेली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी यांना सांगितलं, अकोल्याला बहिणीकडे जाऊन येते. आणि गेले थेट कार्यक्रमाच्या हॉलवर, पत्ता मुलाच्या बोलण्यात आला होता. मला फक्त मुलगी पाहायची होती. एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर तो हॉल होता. दारात गालावर लाल रंगाचे ओघळ काढलेली एक पोरगी उभी होती. तिला पाहून मी जिन्याचा कठडाच धरला.

"घाबरू नका काकू, रंग आहे. कोणाला भेटायचंय?"

"असंच. बघायला आले."

आत शिंगं, तलवारी, शेपट्या. त्या गर्दीत मला माझी साडी दिसली. पाठमोरी. काय घेर पडला होता! ती कशी चालते ते मी पाहत होते. जरा लांब टांगा टाकते, असं मनात आलं. मग ती वळली. निळ्या केसांखाली, काजळ घातलेले माझ्या मुलाचे डोळे होते.

 काय वाटलं ते खरं सांगते. पहिल्यांदा लाज नाही वाटली, मुलगी नाहीच, याचा धक्का बसला. जणू माझी सून त्या क्षणी गेली. आणि लाज त्याच्या मागोमाग आली.

त्याला मात्र आनंद झाला होता. तो झगा सावरत धावत आला. "आई! तू आली?"

दारातली पोरगी जवळ आली, तिच्यामागे आणखी दोघं-तिघं. "काकू, हे तुम्ही शिवलंय? हा तुमचाच मुलगा ना?"

सगळे कौतुकाने माझ्याकडे पाहत होते. कौतुकाने, हे मी पुन्हा लिहिते. तिथे मला कुणीही हसत नव्हतं.

मी म्हणाले, "नाही. मी दुसऱ्या कुणाला तरी शोधत होते. माझा मुलगा इथं नाही."

त्याच्याकडे न बघता मी जिना उतरले. बहिणीकडे गेलेच नाही. ऑटो केला, स्टँडवर उभी होती त्या अमरावतीच्या गाडीत चढले.

घरी पोचते न पोचते तोच त्याचा फोन. मी हातात धरून बसले, मग उचलला.

"पोचली का?"

"कुठं? मी घरीच आहे," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

"बरं," तो म्हणाला. "जेवून घे."

त्यानंतर तो फोन करायचा, पण आठवड्यातून एकदा, आणि प्रश्न ठरलेले. बाबा कसे आहेत, गुडघा दुखतो का. दिवाळीला आला, चार दिवस राहिला, नीट बोलला. शर्टाचं बटण तुटलं होतं ते त्याने स्वतः लावलं. मी सुई मागितली तर म्हणाला, "झालं माझं." हा मुलगा आता माझ्याकडून काही मागणार नाही, हे मला तिथे समजलं. ते मला सहन होईना.

थंडीत तो पुन्हा आला. हे बाहेर गेले होते. आम्ही दोघं ओट्याशी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. मी मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशी मी तुला ओळखलं होतं."

"माहीत आहे मले."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो नं." त्याने दाणे पातेल्यात टाकले. "तू खाली उतरली तसा मी झगा काढला. तोंड धुतलं, शर्ट घातला. स्टँडवर आलो तुह्या मागं. म्हटलं, शर्टात पाहून तरी ओळखशीन. गाडी फाटकातून निघून राहिली होती. काजळ नीट निघालं नव्हतं, ऑटोवाले हसून राहिले होते."

मला वाटलं होतं, सगळं मी केलं आणि तिथेच संपलं. माझ्या मागे कुणी धावलं असेल, हे मनातच आलं नव्हतं.

"अन् तुझा नंबर? स्टेजवरचा?"

"नाव पुकारलं तवा मी स्टँडवर होतो."

हातातली शेंग मी खाली ठेवली. म्हणाले, "चुकलं माझं." हे दोन शब्द मी घरात कधी कुणाला म्हटले नव्हते.

त्याने सोललेल्या शेंगांची टरफलं गोळा केली. "मले वाटलं होतं तू रागावशीन," तो म्हणाला. "ओळखणारच नाही, असं नव्हतं वाटलं."

  पातेलं जवळ ओढत मी विचारलं, "पुढच्या वेळी असलं काही केलं तर मी येऊ का?"

"ये नं," तो म्हणाला.

कधी, कुठे, ते त्याने सांगितलं नाही. मीही या वेळी नुसतं समजून घेण्यावर सोडलं नाही. परवा फोन करून सरळ विचारलं. तो म्हणाला, "सांगतो."