पाच ओळींचा अर्ज

माझ्यासारख्यानं आठवणी लिहायला बसावं हे जरा जास्तच होतंय, हे मला कळतं. आमच्या घरात पुस्तक म्हणजे गॅसचं, नाहीतर बँकेचं. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलंमाकलं तर माफ करा. पण लिहिण्याच्या विषयात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला पडले होते, आणि पुढं त्याचं काय झालं ते कुणालातरी सांगायला हवं.

आम्ही होटगीचे. माझे वडील, म्हणजे अप्पा, करकंबच्या पलीकडं एका हायस्कुलात शिपाई आहेत. शनिवारी शाळा सुटली की ते घरी यायला निघायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. आईला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. ती म्हणायची, "हे हितं घरात असल्याबिगर मी न्हाय करून घेणार." ते हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेची एक शाळा सोलापुरातही आहे. अप्पांची तिथं बदली झाली की ऑपरेशन, असं ठरलं होतं.

मी तेव्हा सोलापुरात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अर्ज, अहवाल, ईमेल कसे लिहायचे हे शिकवायला आम्हाला एक मॅडम होत्या. बाकीची पोरं त्या तासाला मागच्या बाकावर डबा खायची. मी पहिल्या बाकावर बसायचो. मॅडम म्हणायच्या, "तुमचं दुःख वाचायला साहेबाला वेळ नसतो. त्याचा फायदा काय, ते लिहा. आणि थोडक्यात." मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

अप्पांनी बदलीचा अर्ज आधीच लिहून ठेवला होता, चांगला पान भरून. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' अशी सुरुवात, मग आईचा गुडघा, माझं कॉलेज, एसटीचा त्रास, आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक'. तो वाचून मी हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

मी पाच ओळींचा नवा अर्ज तयार केला. इतक्या वर्षांची सेवा, विनाकारण रजा नाही, टपालापासून प्रयोगशाळेपर्यंत सगळ्या कामाची माहिती, शहरातल्या शाळेला अनुभवी माणूस मिळेल.

अप्पांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्यात आईचा गुडघा कुटं हाय?"

"अप्पा, ते वैयक्तिक होतंय."

"गुडघा तिचाच हाय की. वैयक्तिकच असणार."

आई आतून म्हणाली, "लिवू द्या त्याला. मग कॉलेजात घातलाय कशाला?"

अर्ज स्वतःच्या अक्षरात द्यावा लागतो आणि तो मुख्याध्यापकांमार्फतच वर जातो. अप्पांचं अक्षर वळणदार आहे. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज तेच लिहितात. त्यांनी माझ्या पाच ओळी नीट उतरवून काढल्या. हेडसरांनी त्या दोनदा वाचल्या आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

अप्पा म्हणाले, "व्हय." अक्षर त्यांचंच होतं.

शाळेत क्लार्कची जागा कधीची रिकामी होती. दुसऱ्या दिवशी अप्पांचा फोन आला. "मला ऑफिसात खुर्ची दिलीया रं." आवाजात संकोच होता, पण आनंद जास्त होता. त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत फोन यायचा. विजेचा मीटर बंद पडलाय, पत्र पाहिजे. बाक मोडलेत, पत्र पाहिजे. मी कॉलेजच्या जिन्यात बसून मोबाइलवर लिहायचो आणि पाठवायचो. अप्पा ते कागदावर उतरवायचे. त्यातली काही पत्रं मी सबमिशनलाही लावली. मॅडम म्हणाल्या, "अगदी खरी वाटतात."

मग एकदा अप्पा म्हणाले, "हेडसरांनी संस्थेला एक पत्र सांगितलंय. एका माणसाला बदलीवर सोडता येत न्हाय, म्हून. नावाची जागा मोकळी ठिव, सर सोता घालणार हायेत."

"कोण आहे?"

"सायन्सचे सर असतील. ते लई दिवस बार्शीला जायचं म्हंत्यात."

ते पत्र मी फार मन लावून लिहिलं. 'सदर कर्मचारी शाळेच्या दैनंदिन कामकाजासाठी अत्यावश्यक आहे. त्यांना कार्यमुक्त केल्यास शाळेचे काम अडेल. तरी बदलीचा विचार तूर्त होऊ नये.' यातला एक शब्दही कुणाला काढता आला नसता.

आई दर शनिवारी अप्पांना दारातच विचारायची, "आलं का वो उत्तर?" कित्येक शनिवार गेले.

शेवटी एका दुपारी फोन आला. "उत्तर आलंय," अप्पा म्हणाले आणि सावकाश वाचू लागले. "बदलीची विनंती अमान्य. कारण, सदर कर्मचारी शाळेच्या दैनंदिन कामकाजासाठी..."

पुढचं मला पाठ होतं. अप्पांनाही असणार, त्यांनीच ते कागदावर उतरवलं होतं. तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"लिवलंय मात्र लई चांगलं," ते म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता, "आईला तूच सांग. तिला थोडक्यात नगं सांगू."