काळी गाडी आणि तिचा मालक

मला एक सवत होती. काळी, गोल डोळ्यांची, वयानं माझ्यापेक्षा मोठी. तिचा मुक्काम शारजाच्या औद्योगिक भागात, एका पत्र्याच्या शेडमध्ये. नवऱ्याला ती तिथल्याच एका भंगाराच्या आवारात सापडली तेव्हा तिला धड चाकंही नव्हती, आणि आत कुणीतरी शेळ्या बांधत असावं असा वास येत होता. मी सांगून टाकलं, हे धूड घरी आणलंस तर मी पहिल्या विमानानं पुण्याला जाईन. त्यानं ती घरी आणली नाही. शेड भाड्यानं घेतली! घ्या.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजातल्याच अल नहदात नव्यानंच उठलेल्या एका टॉवरमध्ये राहायचो, नवरा दुबईत एअरकंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनिअर, रोजचं ट्रॅफिक, रोजची चिडचिड. तेव्हा सुट्टी शुक्रवारी. लोक शुक्रवारी बायको-पोरांना घेऊन समुद्राकाठच्या कॉर्निशवर जायचे, आमचे राव डबा घेऊन सवतीकडे. संध्याकाळी ग्रीस लागलेले हात घेऊन परत. मुलगी तेव्हा शाळेत होती, ती मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं द्यायची. बाबा कुठे म्हटलं की म्हणायची, ‘विथ दॅट कार.’

मी भांडले नाही असं नाही. भरपूर भांडले. पण एकदा त्यानं मला सांगितलं, की ही तीच गाडी आहे. म्हणजे तीच नव्हे, पण तशीच, त्याच बनावटीची, जी त्याच्या वडिलांनी इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्या मालकाकडे आयुष्यभर चालवली. माझे सासरे ड्रायव्हर होते. लग्नाच्या वेळी आमच्या घरी ते ‘ट्रान्सपोर्टमध्ये आहेत’ असं सांगितलं गेलं होतं, आणि माझ्या आईनंही पुढे विचारलं नव्हतं. मालकानं ती गाडी शेवटी मोडीत काढली. आता मिरजेच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना सांगितलं होतं, की हातांची थरथर वाढणार, गाडी चालवणं बंद करा. नवऱ्याला एवढंच हवं होतं, की त्याआधी बाबांनी ती गाडी एकदा चालवावी, आणि स्वतःची म्हणून चालवावी. हे ऐकल्यावर माझं तोंड बंद झालं. तोंड बंद झालं की मला फार राग येतो.

त्यात कॅरव्हान आली. नवऱ्याच्या ऑफिसातला एक इंग्रज देश सोडून निघाला. गोरे लोक जाताना मांजरं, कुंड्या, पियानो असं काहीबाही मागे ठेवून जातात, यानं कॅरव्हान ठेवली. पांढरी आणि आकाशी, अंड्यासारखी गोल, आत दोन बाकं, एक शेगडी, एवढंसं बेसिन. ती गाडीच्याच काळातली होती. नवरा म्हणाला, जोडी जमली. मी म्हटलं, सवतीला शेपूट फुटलं. पण खरं सांगते, त्या अंड्यावर माझा जीव जडला. माझ्या लग्नातल्या एका जीर्ण नारायणपेठी साडीचे मी पडदे शिवले, शेगडीशेजारी मिसळणाचा डबा ठेवला, आणि ते माझं झालं.

मग पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, फुजैराच्या बाजूला, जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. हिवाळ्यातला शुक्रवार, समुद्राकाठची हिरवळ, आणि शेवटी सगळ्या गाड्यांची समुद्राच्या कडेनं फेरी. फेरीचा रस्ता बाकी रहदारीला बंद ठेवणार होते, तेव्हा तिथं लायसन्सचा प्रश्न नव्हता. मालकानं स्वतः चालवायचं, एवढाच नियम. नवऱ्यानं मालक म्हणून बाबांचं नाव दिलं आणि व्हिजिट व्हिसाच्या मागे लागला.

बाबा आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्याला टोपी. त्यांना शेडवर नेलं तेव्हा मीही गेले, म्हटलं बघू तरी. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. दाराच्या कडीला हात लावला, पुढच्या दिव्यावर बोट फिरवलं. बाबा म्हणाले, ‘फडकं हाय का?’ आणि पुसायला लागले. नवऱ्याला वाटलं, आनंद झाला. मलाही तसंच वाटलं. त्यानंतर ते रोज त्याच्याबरोबर शेडवर जायचं म्हणायचे, पण स्टिअरिंगवर बसा म्हटलं की, ‘बघू की तिथं गेल्यावर.’

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. पुढे बाप-लेक, स्टिअरिंगवर नवरा, मागे मी आणि मुलगी, आणि त्यामागे माझं अंडं हेलकावे खात. दैदच्या पुढे लाल वाळू संपून डोंगर लागले तशी सवत धापा टाकायला लागली. ट्रकवाले हॉर्न मारून, हात हलवून पुढे जात होते. मसाफीच्या अलीकडच्या चढाला रेडिएटरच्या झाकणातून जी वाफ निघाली, म्हटलं खलास. नवरा बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहिला. इंजिनिअर माणूस, सगळं त्यानं स्वतः जुळवलेलं, पण तापलेल्या इंजिनासमोर थांबण्याशिवाय तोही काय करणार? बाबांनी कॅरव्हानच्या चाकांना दगड लावले आणि ते दगड सोडून कुठे जाईनात. लेकीनं विचारलं, ‘आर वी स्टक?’ मी म्हटलं, हो बाई, आपण सगळेच. मग कॅरव्हानमध्ये चहा केला, आणि तो पिऊन होईपर्यंत इंजिन निवलं.

पोचलो तेव्हा हिरवळ भरून गेली होती. लांबच लांब अमेरिकन गाड्या घेऊन आलेले स्थानिक अरब, टोप्या घातलेली इंग्रज जोडपी, लेबनीज, आणि आम्ही. आयोजकांनी काचेवर लावायला एक कार्ड दिलं. त्यावर गाडीचं साल, आणि खाली ‘ओनर’ म्हणून बाबांचं नाव. बाबांनी ते अक्षर अक्षर लावत वाचलं.

‘हे कशाला रे?’ त्यांनी विचारलं.

‘गाडी तुमचीच आहे बाबा,’ नवरा म्हणाला.

बाबा हसले, बरं म्हणाले, आणि मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दिवसभर तिथंच. हात पाठीशी, हातात फडकं. नवऱ्यानं त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणली होती, तिच्यावर त्यांनी लेकीची बॅग ठेवली. पोहे दिले तर गाडीपासून चार पावलं लांब जाऊन खाल्ले. कुणी जवळ येऊन गाडीबद्दल विचारलं की ते नवऱ्याकडे हात करायचे आणि त्यांच्या त्या हिंदीत सांगायचे, ‘मालिक वो है.’ की नवरा धावत यायचा. नो नो, माय फादर, ही इज द ओनर. समोरचा माणूस एकदा याच्याकडे बघायचा, एकदा त्यांच्याकडे, आणि सभ्यपणे मान हलवून पुढे जायचा. असं किती वेळा झालं! मी कॅरव्हानच्या पायरीवर बसून धुमसत होते. बाबांना खांद्याला धरून खुर्चीत बसवावं असं वाटत होतं, आणि नवऱ्याला म्हणावंसं वाटत होतं, अरे पुरे कर आता. दोन्ही केलं नाही. परीक्षक बाई आल्या, वाकून कॅरव्हान बघितली आणि पडदे ओरिजिनल का म्हणून विचारलं. म्हटलं, एकदम ओरिजिनल, माझ्या लग्नातले. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

दुपार कलल्यावर फेरीची रांग लागली. हातात झेंडा घेतलेला एक उंच पोरगा सगळ्यांना यल्ला यल्ला करत पुढे काढत होता. आता मात्र बाबा स्टिअरिंगवर बसले. टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली, केसांवरून हात फिरवला. नवरा शेजारी बसला. मी आणि लेक बाहेर, कॅमेरा घेऊन. पुढची गाडी निघाली. बाबांनी किल्लीला हात घातला, आणि तो हात इतका थरथरत होता, की किल्ल्यांचा जुडगा वाजायला लागला. त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. आरशात बघितलं. परत किल्लीला हात, परत आरशात.

‘तू हितनं उतर,’ ते नवऱ्याला म्हणाले. ‘मागं बस.’

नवऱ्याला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, की आज मागे कुणी बसायचं नाही, आज तुम्ही मालक आहात, चला. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. रिकामी गाडी मी कधी न्हेली न्हाई, म्हणाले. मागच्या गाडीचा हॉर्न वाजला. झेंडेवाला पोरगा आमच्याकडे बघून हात उडवायला लागला. मी पुढे झाले, म्हटलं बाबा, मी बसते मागे, लेकीला घेऊन. त्यालाही त्यांनी मान हलवली. नवरा विनवण्या करायला लागला. मी त्याला त्याच्या बॉसपुढेही कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. यासाठीच केलं ना सगळं, तुमच्या मागे कुणी बसलेलं नसावं म्हणूनच तर केलं, एकदाच चालवा, एकदाच. आणखी हॉर्न वाजले. पोरगा आमच्या गाडीपाशी येऊन म्हणाला, निघत नसाल तर बाजूला घ्या.

बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते आरशात बघून बोलले, अगदी हळू, पण काच खाली होती म्हणून मला सगळं ऐकू आलं.

‘मालकाची पोरं मी असल्याच गाडीतनं शाळेला सोडली. तू त्याच रस्त्यानं चालत जायचास. मी हॉर्न मारून तुला बाजूला करायचो. मागं ती पोरं हसायची.’ मग म्हणाले, ‘बस की लेका एकदा मागं. मला न्हेऊ दे तुला.’

हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाही नाही. मी नवऱ्याकडे बघितलं तर त्याचा चेहरा पार उतरला होता. इतके शुक्रवार पत्रे ठोकून, सुटे भाग कुठून कुठून मागवून त्यानं जे उभं केलं होतं, ते बापाला मागच्या सीटवरच्या माणसापासून सोडवण्यासाठी. आणि बापाला आयुष्यभर त्या सीटवर एक माणूस बसवायचा राहून गेला होता. कुणाला चूक म्हणायचं? मला रडूही येत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

नवरा उतरला. मागचं दार उघडून बसला. दार लागल्याचा आवाज झाला आणि बाबांनी किल्ली फिरवली.

हात थांबले असं काही मी म्हणणार नाही. थरथरतच होते. पण गाडी एकदाही हिसकली नाही. माझं अंडंसुद्धा मागून शहाण्यासारखं गेलं. समुद्राच्या कडेनं ते सावकाश गेले, टोकाच्या राउंडअबाउटला मोठा वळसा घेऊन परत आले, आणि दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या वाजवायला लागले. ड्रायव्हरसकट आलेली ती एकच गाडी होती. माझ्या शेजारची इंग्रज बाई नवऱ्याला म्हणाली, बघ ना, शोफर घेऊन आलेत, किती गोड! लोक वाकून वाकून फोटो काढत होते, मागच्या काचेतून, मालकाचे. मला ओरडून सांगायचं होतं की तसं नाहीये हो. पण कसं आहे मग? मलाच सांगता आलं नसतं. लेक म्हणाली, ‘आई, व्हाय इज डॅडी क्रायिंग?’ मी तिचा हात घट्ट धरला, दुसरं काय करणार.

गाडी आमच्यापाशी येऊन थांबली. बाबांनी इंजिन बंद केलं, टोपी घातली आणि उतरून मागे आले. मागचं दार उघडलं आणि एक हात दाराच्या वरच्या कडेला लावून धरला. इतकं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी बघितलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

‘डोकं सांभाळा, मालक,’ ते म्हणाले.

नवरा उतरेना. गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसला होता, आणि गाल भिजलेले. तो उतरेपर्यंत बाबा दार सोडणार नव्हते. एक उतरत नाही, एक हलत नाही, आणि वर धरलेला हात आता कोपरापासून थरथरायला लागला होता. मागून दुसऱ्या गाड्या येऊन लागत होत्या. मी दाराशी वाकले आणि माझ्याकडे होतं नव्हतं तेवढं बळ आणून म्हटलं, ‘उतर रे आता. बाबांचा हात भरून आलाय.’

तो उतरला. मान खाली घालून, बापाच्या हाताखालून.