शनिवारचा आकडा

संघरत्नाला टीव्हीवर बघून लोक विचारतात, ही पोरगी पिक्चरच्या धंद्याचं कुठं शिकली? अहो, माझ्या दारात शिकली! मी केसरीनाथ, भिवंडीतल्या टॉकीजचा डोअरकीपर. एकतीस वर्षं तिकिटं फाडतोय.

भिवंडीजवळच्या कोन गावची पोर. बारावी झाल्यावर पिक्चरच्या एका वितरकानं तिला आमच्याकडे बसवली. काम काय, तर पिक्चर चालू झाला की आत जाऊन डोकी मोजायची आणि त्याला फोन करायचा, कारण टॉकीजवाले तिकिटांचा आकडा खोटा सांगतात. पहिल्या दिवशी मी तिला हाकललीच. "मामा, मी उद्या पन येणार हाय," म्हणाली, आणि आली.

तिथंच तिनं ओळखलं, जे मुंबईच्या शहाण्यांना अजून कळत न्हाय. भिवंडीत लूमना, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारी. नवा पिक्चर लागतो तोही शुक्रवारी. मग कसलाही भंगार पिक्चर लावा, कामगार येणारच, हाऊसफुल्लचा बोर्ड लागणारच! खरं काय ते कळतं शनिवारी, लूम चालू झाल्यावर. तेव्हा माणूस ड्युटी बुडवून आला, तर पिक्चर चालला. हे ती मोबाइलवर बोलायला लागली, तिचे अंदाज खरे ठरत गेले, आणि एका चॅनेलनं तिला तिचा स्वतःचा कार्यक्रम दिला.

गेल्या महिन्यात एक मोठा पिक्चर लागला. त्या निर्मात्याच्या जाहिरातींवर चॅनेल जगतं. शुक्रवारी सकाळपासून संघरत्नाच्या फोटोखाली पट्टी फिरत होती, 'भिवंडीत हाऊसफुल्ल! सुपरहिट!' तिला न विचारता. संध्याकाळी ती लाइव्ह बसली, बाजूला निर्माता. ती सरळ म्हणाली, "ही पट्टी माझी नाही. आज लूम बंद होते. उद्या बघू."

निर्माता हसला. "मॅडम, पिक्चरचं नशीब काय भिवंडी ठरवणार?"

"पट्टी तर तुम्ही भिवंडीचीच लावलीत ना!"

मी टॉकीजच्या दारात मोबाइलवर बघून टाळीच वाजवली. पण चॅनेलचे साहेब भडकले. रविवारी लाइव्ह निर्मात्याची माफी माग, नाहीतर कार्यक्रम बंद. तिची आई चंपा रडायला लागली. "तू टीव्हीवर दिसतेस म्हणून लोक आपल्याला विचारतात गं. माग की एकदा माफी."

"खोटं बोलून दिसायचं, तर न्हाय दिसले तरी चालंल, आई."

शनिवारी बाराच्या खेळाला ती टॉकीजवर हजर. अंधारात रांगेरांगेनं फिरून स्वतः डोकी मोजली. बाहेर आल्यावर मीच म्हणालो, "पोरी, माग माफी आणि मोकळी हो." आता सांगायलाही लाज वाटते.

रविवारी मी सुट्टी टाकून कोनला चंपाच्या घरीच टीव्हीपुढे बसलो होतो. संघरत्नाच्या हातात लिहून दिलेली माफी होती. तिनं तो कागद उलटा ठेवला.

"माफी मागते," ती म्हणाली. "काल भिवंडीत बाराच्या खेळाला सदतीस माणसं होती. त्यातले चौघे टॉकीजचे नोकर. उरलेल्या तेहेतीस जणांची मी माफी मागते. माझ्या फोटोखालची पट्टी खरी मानून त्यांनी ड्युटी बुडवली."

चॅनेलनं तिला तिथंच तोडून लगेच जाहिरात लावली. त्याच पिक्चरची! कार्यक्रम गेला, हे आम्हाला दोघांनाही कळलं. चंपानं डोळे पुसले, उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "आता ह्यांचं चॅनेल माझ्या घरात लागायचं न्हाय."