शेठची आई पायी दिसता कामा नये

फोनवर ओरडायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. किस्से साचतात ते त्याच्यामुळेच. समोरचा काहीही बोलला तरी "हो का, अच्छा" म्हणायचं, फोन ठेवायचा आणि चहाच्या वेळी एकमेकींपुढे फुटायचं! नवीन पनवेलात एका संस्थेच्या दवाखान्यावरच्या खोलीत आम्ही चौघी फिजिओथेरपिस्ट बसतो. साठीच्या पुढच्यांना आठवड्यातून एकदा फोन करायचा, किती चाललात विचारायचं, आणखी थोडं चालायला लावायचं. म्हातारे ऐकत नाहीत, असं सगळे सांगतात. साफ खोटं! म्हातारे ऐकतात. माझं डोकं फिरतं ते त्यांच्या घरच्यांवर.

*

खांदा कॉलनीतले देशमाने काका. रिटायर्ड क्लार्क, शुगर बॉर्डरवर.

"काका, या आठवड्यात चाललात का?"

"चाललो की! दळण आणलं, दूध आणलं, नातीला क्लासला सोडलं, परत आणलं."

"ती घरची कामं झाली. स्वतःसाठी कधी चाललात?"

तेवढ्यात सूनबाईंनी फोन घेतला. "मॅडम, ते तुमचंच ऐकतात. त्यांना जिने चढायचं पण सांगा ना! आमची लिफ्ट बंद आहे, इस्त्रीवाला वर यायला तयार नाही."

झालं. पहिला नियम गेला चुलीत. "अहो, मी व्यायाम सांगते, घरगडी पुरवत नाही!"

संध्याकाळी काकांचा फोन. आवाज अगदी खाली. "मॅडम, तिला काही बोलत जाऊ नका हो. आज दळण घेऊन मला परत गिरणीत पाठवलं. म्हणे, जाड आलंय."

*

जुन्या पनवेलातल्या खैरूनखाला एकट्या राहतात. मुलगा आखातात. त्याने तिकडून आईला पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. आकडा थेट त्याच्या मोबाइलवर दिसतो. आकडा कमी दिसला की साहेब तिकडून फोन करून झापतात!

एका आठवड्यात खालांचा आकडा एकदम दुप्पट झाला. मी खूश. "खाला, कमाल केलीत!"

"कमाल कसली बेटी? घड्याळ पायाला बांधलंय आणि दिवसभर शिलाई मशीन चालवते."

मी हसले. खाला हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगा विचारतो, अम्मी, कितना हुआ? कैसी हो, ते नाय विचारत. तू तरी आधी विचारतेस, खाला कशा आहात?"

तो प्रश्न आमच्या ठरलेल्या यादीत पहिलाच आहे. त्याचं उत्तर भरल्याशिवाय कंप्युटर पुढे सरकत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही आणि दिवसभर स्वतःवरच चिडून बसले.

*

आमचे कोऑर्डिनेटर सर एमबीए आहेत. फोन सहा मिनिटांत संपला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. सत्तर वर्षांच्या माणसाला चप्पल शोधायलाच सहा मिनिटं लागतात, पण हे सांगायचं कुणाला?

एकदा त्यांनी मीटिंग ठेवली. विषय होता, सलग बसून राहण्याचे दुष्परिणाम! मीटिंग साडेतीन तास चालली. माझी कंबर धरली म्हणून मी उठून भिंतीशी उभी राहिले.

सर म्हणाले, "मॅडम, प्लीज बसून घ्या. विषय सीरियस आहे!"

*

पण सगळ्यांत जास्त राग मला आणला तो सुकापूरच्या शेठने. वडिलोपार्जित शेतांवर बिल्डिंगा झाल्या, तेव्हापासून दिनेश हा दिनेशशेठ झाला. त्याची आई नागूआजी. उभा जन्म भातलावणीत गेलेला. आता बंगला, गुळगुळीत लाद्या, दारात मोठी गाडी आणि दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं.

पहिल्याच फोनला मी विचारलं, "आजी, चालायला लागल्यावर कुठे जायचंय?"

"भैनीकडं. नेरे गावाच्या अलीकडं रहाते ती. तिच्या दारात पायी जायचंय मना. गाडीतनं उतरले का ती चायच्या कपालाही पाव्हन्यासारखी बशी लावते."

तेच ठरलं. आधी ओटी, मग अंगण, मग गेटपर्यंत. आजी खणखणीत सांगायच्या, "आज गेटाला हात लावून आले गो बाय!" त्या आवाजासाठी मी सोमवारची वाट बघायचे.

आणि मग रस्त्यावर चालायचं ठरलं, तर गाडं गेटाशीच अडलं. तीन आठवडे! शेवटी शेठच फोनवर आला.

"म्याडम, काळजी नको. तुमी सांगता तसं रोज तीन किलोमीटर होतंय."

"कमाल आहे! आजी एकट्या जातात?"

"एकटी कशाला? मी गाडीतून फिरवून आणतो ना! एसी लावून!"

माझ्या तोंडून जे शब्द फुटले ते चांगले नव्हते. तो मात्र शांतपणे समजावत होता, "आमच्यात असं नाय चालत म्याडम. शेठची आई रस्त्यानं पायी दिसली तर लोक काय म्हणतील? पोरानं टाकली म्हणतील!"

म्हणजे याची अब्रू राहावी म्हणून आईचे नवे गुडघे गंजत ठेवायचे! मी फोन आपटला. सरांनी मला लेखी समज दिली. मी ती वाचलीही नाही.

त्यानंतर आजींना फोन केला की त्या एवढंच म्हणायच्या, "हाय, चाललंय." पण मागे कोंबडे आरवत, म्हशी हंबरत. बंगल्यात म्हशी कुठून आल्या, हे मी मुद्दाम विचारलं नाही.

गेल्या महिन्यात सकाळीच शेठचा फोन. हॉर्नच्या आवाजात ओरडत होता. "म्याडम, आई नेऱ्याच्या रस्त्याला लागलीय! गाडीत बस सांगतो तर ऐकत नाय. मी बाजूनं हळूहळू गाडी चालवतोय. सगळा गाव बघतोय! तुमी सांगा तिला, स्पीकरवर हाय!"

"आजी, दम लागतोय का?"

"नाय गो."

"पाय दुखतात?"

"नाय. भैनीच्या दारचा पिंपल दिसाया लागला."

"शेठ," मी म्हटलं, "गाडी बाजूला लावा आणि खाली उतरा. चाला आईबरोबर."

"मी? एवढं लांब? पायी?"

तेवढ्यात एक मोटारसायकल त्यांच्या शेजारी थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी गाववाला विचारत होता, "काय गो नागूआये, शेठ गाडीत आन् तू पायी? काय झालं?"

"काय नाय रे बाबा," आजी म्हणाल्या. "पोराच्यानं चालवत नाय. म्हनून त्याला गाडीत घातलाय."