खानवेलच्या बाजारातली जाहिरात

ऐंशीच्या दशकात सिल्वासातल्या एका बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात मी जीपवर भोंगा लावून करायचो. एकदा खानवेलच्या आठवडी बाजारात सगळी गर्दी समोरच्या दुकानदाराकडे वळली. मी माइकवर ओरडलो, "काका, त्याचं भाताचं बी भेसळीचं! गेल्या साली पिकलं का?"

त्याचं बी चांगलं होतं, रोपं पाण्यावाचून जळाली होती, हे मला ठाऊक होतं.

"चोर शेठ!" म्हणत माणसं धावली. त्याला बाहेर ओढून त्याच्याच वजनांनी त्याचं तोंड फोडलं. रक्त थुंकत तो माझ्याकडे बघून ओरडला, "भाई, तू खोटं बोललास म्हणून सांग ना! मारून टाकतील मला!"

मी माइक बंद केला.

त्याचा एक डोळा गेला. पुढच्या बाजारात त्याचं दुकान उघडलंच नाही, आणि आमचं सगळं बी मी दुपारच्या आत विकलं.