पहिलवानाचा चांगला रिपोर्ट

माझ्या धाकट्या दिराला सगळे पहिलवान म्हणत. दगडाच्या लाद्या घासून चकचकीत करायचं त्याचं काम. आमच्या ओट्याचा काळा दगडही त्यानेच घासलेला, आरशासारखा. धूळ मात्र त्याच्या छातीत जाऊन बसली. जिना चढताना तो मध्येच थांबायचा आणि भिंतीचा रंग न्याहाळतोय असं दाखवायचा.

मोठ्या दवाखान्यात एक नवं औषध देऊन बघत होते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "फुप्फुस आतून कडक होत जातं तेव्हा रक्तात एक प्रथिन वाढतं. हे औषध नेमकं त्यालाच अडवतं. म्हणून ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांनाच द्यायचं."

मी देवाला हात जोडले आणि सांगितलं, याच्या रक्तात ते भरपूर निघू दे. असलं मागणं जन्मात केलं नव्हतं.

प्रथिन कमी निघालं. पहिलवान खूश. "वहिनी, पास झालो!"

"अहो, पास कसले? औषध गेलं हातचं," धाकटी जाऊ कळवळली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुसऱ्या काही गोळ्या घेता?" त्याने खिशावर हात दाबला. जावेने त्याच्या खिशातून पाकीट काढून टेबलावर आपटलं. स्टिरॉइडच्या गोळ्या.

"कारखान्यात मालक दरवर्षी छाती तपासून घेतो," तो पुटपुटला. "खोकला दिसला की घरी बसवतो. म्हणून आम्ही सगळेच आधी आठवडाभर या खातो, खोकला दबतो. मला वाटलं, तपासणी म्हणजे तपासणी, म्हणून इथे येतानाही खाल्ल्या."

"या गोळ्यांनीच ते प्रथिन दबलं असणार," बाई म्हणाल्या. "आता बंद करा. पुन्हा रक्त बघू."

गोळ्या सुटल्या. उरलेलं पाकीट जावेने माझ्याकडे दिलं, "तुमच्याकडेच असू दे, ताई." पुन्हा रक्त दिलं तेव्हा प्रथिन हवं तेवढं वाढलेलं होतं. पण औषध ठरावीक रुग्णांनाच द्यायचं होतं आणि तोवर सगळ्या जागा भरल्या होत्या. बाईंनी हळहळून सांगितलं. त्यांचाही नियमापुढे इलाज नव्हता.

पुढच्याच महिन्यात पहिलवान माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. धाप लागलेली.

"वहिनी, ते पाकीट द्या. मालकाची तपासणी आलीय."

"अरे, अजून तेच?"

"दवाखान्याने नाही घेतलं. निदान मालकाने तरी ठेवून घ्यावं."

त्याच्या घरात दुसरं कमावणारं कोण होतं? मी डब्यामागचं पाकीट काढून त्याने घासलेल्या ओट्यावर ठेवलं. तो गेल्यावर देवापुढे बसले. हात जोडले, पण मागायचं काय तेच कळेना.