तो चढला की बॅटरी मरायची

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे आणि खरं सांगू — बहुतेक वेळा हसू येतं. पैंजण काय, पांढरी साडी काय... मी आमगावला बॅटरीचं दुकान चालवते. आमच्या धंद्यात मीटरचा काटा जे दाखवतो ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. करणी, बाहेरचं, असलं मी कधी मानलं नाही. घरात कुणी बोललं तरी उठून जायची. पण गेल्या वर्षी जे झालं ते मी स्वतःच्या हातातल्या मीटरवर पाहिलं. भर दुपारी, माणसांसमोर. म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत.

दुकान मुळात माझ्या नवऱ्याचं. यशवंत त्याचं नाव. त्याच्या मरणाचं आधी सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तो चिचगडकडे एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी बसवायला मोटरसायकलवर गेला होता. परत येताना जंगलाच्या पट्ट्यात रानडुक्कर आडवं आलं. पडला. मांडी फाटली, रक्त थांबेना. तिथून फुलवंताबाई नावाची एक म्हातारी सरपण घेऊन चालली होती. तिने मोळी फेकली आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. एक पांढरी मिनीबस थांबली. मालकाने खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाला, "सीट खराब होईल, बाई. मागून दुसरी गाडी येऊन राहिली, तिच्यात टाक." आत एक बाई बसली होती. ती म्हणत होती, "घेऊ ना त्याला, जागा आहे." तेवढ्यात मिनीबस निघून गेली.

मागून दुसरी गाडी यायला पाऊण तास लागला. देवरीच्या डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं, की थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता.

फुलवंताबाईला आकडे वाचता येत नव्हते. तिला गाडीचा रंग आठवला आणि खिडक्यांचे निळे पडदे. बस्स.

मग मी दुकानात बसायला लागले. काम शिकले. पोटासाठी, हे खरंच. पण दुसरंही कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक गाडीला कधी ना कधी बॅटरी लागतेच. चार वर्षं माझ्याकडे आलेल्या एकेका मिनीबसवाल्याला मी चहा पाजला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं — "चिचगडकडे जाणं होते का भाऊ?" तो सापडला तर काय करायचं हे पण ठरवून ठेवलं होतं. तारा उलट्या लावून त्याची अख्खी वायरिंग जाळायची, इथपासून ते... जाऊ द्या. ॲसिडचा कॅन माझ्या हाताशीच असायचा, एवढंच सांगते.

आता गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. धानाची कापणी चालू होती. दुपारी बाराच्या सुमारास एका ट्रॅक्टरने एक लांबलचक गाडी ओढत आणून दुकानासमोर सोडली. बदामी रंग, बाजूला तपकिरी पट्टे, वर गुंडाळलेली ताडपत्री. मोटरहोम! आमच्याकडे असली गाडी कोण आणणार? शेजारचा चहावाला किटली ठेवून बघायला आला.

चालवणारे गोंदियाचे विनोदभाऊ, साठीच्या आतबाहेरचे, गळ्यात जाड चेन. सोबत त्यांची बायको, मंगलाताई. दोघं हाजरा फॉल बघायला निघाले होते. गावाच्या शिवेवर फोटो काढायला उतरले, परत बसले तर गाडी सुरूच होईना.

"मिस्त्री कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"तुम?" ते हसले. "बघा बाप्पा, जमत असंन तर."

आधी त्यांनी मला गाडी आतून दाखवली. पलंग, गॅस, बेसिन, छोटा फ्रिज. तिच्यात बॅटऱ्यांचे दोन संच होते. एक आतल्या घराचा — पंखे, दिवे, फ्रिज यांच्यासाठी. दुसरा इंजिन सुरू करायचा, डाव्या बाजूला खालच्या पेटीत, दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या. मी पेटी उघडली तर टर्मिनलवर हिरवी बुरशी चढलेली. मीटर लावला. दोन्ही मेलेल्या. यात काहीच विशेष नव्हतं. जुन्या झाल्या होत्या, संपल्या.

आधी निगेटिव्ह सोडवलं, मग पॉझिटिव्ह, मग मधली जोडतार. गरम पाणी टाकून तारांची तोंडं धुतली, घासली. नव्या दोन बॅटऱ्या ठेवल्या, पट्टी कसली, जोडल्या, ग्रीस लावलं. यशवंतचा काट्याचा जुना मीटर मी अजून वापरते. त्याने पंचवीस व्होल्टच्या वर दाखवलं. एकदम तंदुरुस्त. मी केबिनमध्ये चढून चावी फिरवली. एका झटक्यात इंजिन सुरू झालं.

"वा!" म्हणत विनोदभाऊंनी पायरीवर पाय ठेवला. आणि इंजिन बंद पडलं. घशात घास अडकावा तसं.

डॅशबोर्डचे दिवे गेले. स्टार्टरचा टक् असा आवाजसुद्धा नाही. मी खाली उतरून मीटर लावला. काटा तळाला.

नवी बॅटरी अशी मरत नाही. कुठेतरी शॉर्ट असेल म्हणून मी पेटीपासून स्टार्टरपर्यंत सगळी तार हाताने तपासली. काही नाही. तोवर विनोदभाऊ खाली उतरून चहा घेत होते. पुन्हा मीटर लावला. पंचवीसच्या वर!

चावी फिरवली. सुरू. ते चढले. बंद.

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी माझे सासरे — आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ते दिवसभर दुकानातच असतात — ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सुनबाई, तू मीटर लावून बस. मी त्याले चढवतो, उतरवतो. तू निस्ता काटा पाय."

मी पेटीपाशी उकिडवी बसले. मीटरच्या दोन्ही तारा टर्मिनलवर धरल्या. विनोदभाऊंचा बूट पायरीवर टेकला आणि काटा सरळ खाली झोपला. बूट उचलला, काटा उभा. पुन्हा टेकला, खाली. मी पाहिलं, मामाजींनी पाहिलं, चहावाल्याने पाहिलं. चहावाला स्वतः चढून उतरला, मामाजी चढून उतरले. काटा हलला नाही.

"हा चढला का मरते," मामाजी म्हणाले. "काऊन व?"

"तुमच्या बॅटऱ्याच डुप्लिकेट आहेत," विनोदभाऊ चिडले. कुणाला तरी फोन लावत ते रस्त्याच्या कडेला गेले.

मंगलाताई दुकानात स्टुलावर बसल्या होत्या. त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या. हाराचा.

"हे कोण?"

"मालक माझे. यशवंत."

"काय झालं होतं?"

मी चार वर्षांत शंभरदा सांगितलं असेल, तसंच सांगितलं. चिचगडवरून येत होते, डुक्कर आडवं आलं, वेळेवर गाडी भेटली नाही.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग विचारलं, "तिथे एक म्हातारी होती का? सरपणवाली?"

माझ्या हातात तेरा नंबरचा पाना होता. तो मी घट्ट धरला.

"ही गाडी तेव्हा अशी नव्हती," त्या म्हणाल्या. "साधी मिनीबस होती. पांढरी. आम्ही देवदर्शनाहून येत होतो. पडदे मीच शिवले होते, निळे." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी म्हटलं होतं हो यांना. घेऊ म्हटलं होतं. चार वर्षं झाली, मी त्या माणसाला रोज बघते..."

त्यांच्यावर मला राग आला नाही. मी उठले. पाना हातात तसाच.

विनोदभाऊ फोन खिशात ठेवत होते. मी म्हटलं, "चिचगडच्या रस्त्यावर, चार वर्षांआधी, एका म्हातारीनं गाडी थांबवली होती. आठवते?"

त्यांनी माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं. "तूने बोला?"

मग मला म्हणाले, "देखो ताई, रस्त्यावर रोज कोणी ना कोणी पडून राहते. पोलिसाचं लफडं कोण घेईन? और मैंने थोडी गिराया उसको."

"त्याचं नाव विचारा."

"क्या?"

"जो पडला होता त्याचं नाव विचारा मले."

नाही विचारलं. दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं म्हणाले, आता तू हात नको लावू. मी बाजूला झाले. चार वर्षं जे ठरवून ठेवलं होतं त्यातलं काहीच करावं लागत नव्हतं. मी फक्त उभी होते, आणि तो माणूस स्वतःच्या गाडीत चढू शकत नव्हता.

दुसरा मिस्त्री आला. त्याचंही तेच झालं. शेवटी ठरलं की तो मिस्त्री मंगलाताईंना घेऊन गाडी गोंदियाला पोचवेल आणि विनोदभाऊ रेल्वेने येतील. गाडी मक्खनसारखी निघून गेली. विनोदभाऊ उन्हात बॅग घेऊन पायी स्टेशनकडे निघाले. मी दुकानाच्या दारात उभी राहून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. गोड वाटलं. लपवत नाही, खूप गोड वाटलं.

पुढे मंगलाताईंचे फोन येत राहिले. मोटरहोम विकली. मग घरची कार विनोदभाऊ बसले की बंद पडायला लागली. शोरूमवाल्यांनी दोनदा बॅटरी बदलून दिली. मग स्कूटर. ते घराबाहेर पडेनासे झाले. मी ऐकून घ्यायची, "अस्सं?" म्हणायची आणि फोन ठेवून कामाला लागायची. त्या दिवशी भाकर जास्त जायची मला.

जानेवारीत एका सकाळी साडेनऊला फोन आला. मी एका ट्रॅक्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरत होते, म्हणून स्पीकरवर टाकला. मंगलाताई रडत होत्या. विनोदभाऊंच्या छातीत कळ आली होती. ॲम्बुलन्स दारात उभी होती, त्यांना आत झोपवलं होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"ताई, तुम्ही एकदा म्हणा, सोडलं म्हणून. हात जोडते. एकदा म्हणा!"

मामाजी समोर बसले होते. "बोल व," ते म्हणाले. "बोलून टाक."

मी फोनकडे बघत राहिले. कापलाही नाही, बोललेही नाही. तिकडून माणसांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी ओरडलं, "उतारो, उतारो इनको, दूसरी मंगाओ!" स्ट्रेचर खडखडत खाली उतरल्याचा आवाज आला. आणि त्याबरोबर — हे मी आणि मामाजींनी, दोघांनी ऐकलं — ॲम्बुलन्सचं इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

मंगलाताईंची किंकाळी आली आणि फोन बंद पडला.

शेवटी शेजाऱ्यांनी भाजीच्या हातठेल्यावर टाकून त्यांना दवाखान्यापर्यंत ढकलत नेलं. जगले. पण त्यातच अर्धांगाचा झटका आला; उजवी बाजू गेली, वाचा गेली. घराच्या पडवीत खुर्चीवर बसवून ठेवतात म्हणे. मंगलाताईंचा त्यानंतर फोन नाही.

त्या सकाळी बॅटरीची झाकणं लावून झाली तेव्हा मी मामाजींना म्हटलं, "बघितलं? सोडलं नाही त्यानं."

मामाजींनी मान हलवली. "कोणं? यशवंतनं? माझा पोरगा असा नव्हता व. त्यानं तं त्याले पाठीवर घेऊन नेलं असतं."

ते खरं होतं. यशवंत भांडलेल्या माणसाची गाडीसुद्धा धक्का मारून सुरू करून द्यायचा.

"मग कोण, मामाजी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर उठले आणि आत गेले. तेव्हापासून ते दुकानात बसतात, पण माझ्या डोळ्यात बघून बोलत नाहीत.

या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही. इथे कुणी जाणकार असेल तर त्याने जरूर सांगावा. वायरिंगमध्ये दोष होता म्हणाल तर चार वेगळ्या गाड्या कशा? योगायोग म्हणाल तर काटा मी स्वतः पाहिला. एक गोष्ट मात्र मला ठाऊक आहे. त्या सकाळी एकच शब्द बोलायचा होता. फोन चालू होता, तोंड मोकळं होतं, आणि मी बोलले नाही. कधीतरी त्याचं वाईट वाटेल, असं लोक म्हणतात.

मी वाट बघते आहे. अजून वाटलेलं नाही.